मारहाण झालीच नव्हती

मी प्रेसनोट चांगली लिहायचो. हे सांगायला मला संकोच वाटत नाही. अमरावतीत मानवी हक्कांचं काम करणाऱ्या एका संस्थेची प्रसिद्धी मी अठरा वर्षं सांभाळली. त्याआधी एका जिल्हा दैनिकात उपसंपादक होतो, त्यामुळे टेबलापलीकडची बाजू मला ठाऊक होती. संध्याकाळी पाचला उपसंपादकासमोर कागदांचा केवढा गठ्ठा असतो, त्यातला कोणता कागद तो शेवटपर्यंत वाचतो आणि कोणता पहिल्या दोन ओळींवरच बाजूला सारतो, हे मी स्वतः वर्षानुवर्षं केलेलं होतं.

माझी नोट एका पानाच्या वर कधी गेली नाही. पहिल्याच वाक्यात गाव, माणूस आणि काय घडलं. दुपारी चारच्या आत कागद पोचला पाहिजे. ई-मेल आले तरी मी छापील प्रती घेऊन राजकमल चौकापासून एकेका कचेरीत स्वतः जायचो. आमचा मराठी फॉन्ट त्यांच्याकडे उघडेलच याचा भरवसा नव्हता, आणि समोर उभं राहून हातात दिलेला कागद माणूस सहसा नाकारत नाही.

आणखी एक गोष्ट मला माहीत होती, ती मी कुणाला कधी बोलून दाखवली नाही. ‘कोंडून ठेवलं’ ही आतल्या पानावरची चार ओळींची बातमी असते. ‘कोंडून मारहाण’ ही तीन कॉलम जाते. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पानं लावताना मीच तशी लावत आलो होतो.

ती बाई आमच्याकडे आली त्याला आता तेरा वर्षं झाली. मोर्शीच्या बाजूच्या एका गावची. गावाचं नाव देत नाही, गावाचा यात काही दोष नाही. वय तिशीच्या आतबाहेर. संत्र्याच्या शेडवर प्रतवारीला जायची, म्हणजे मोठं फळ एकीकडे, बारकं दुसरीकडे, डागी तिसरीकडे. शेडचा मालक अकोल्याचा व्यापारी. तो महिन्यातून एखाद्या वेळी यायचा, बाकी सगळा कारभार मॅनेजरच्या हातात.

एके सकाळी मॅनेजरचा मोबाइल सापडेना. शेवटचं ही बाई त्याच्या टेबलाजवळून गेली होती, एवढ्यावरून त्याने तिला रिकामे क्रेट ठेवायच्या खोलीत कोंडलं. सकाळी दहाला लावलेली कडी दिवस कलल्यावर उघडली. मोबाइल त्याच्याच स्कूटरच्या डिकीत निघाला होता.

आमच्याकडे तक्रारीचा एक ठरलेला फॉर्म होता. त्याप्रमाणे मी विचारत गेलो.

“मारलं का?”

“नाई जी. हात नाई लावला कोनं.”

“धक्काबुक्की?”

“आत जाय म्हनून लोटलं थोडं. मंग कडी लावली.”

मी लिहीत होतो. ती थांबली आणि म्हणाली, “सर, पेन ठेवा जरा. आधी आयका, मंग लिवा.”

मी पेन ठेवला.

“पानी मांगतलं, नाई देल्लं. थे जाऊ द्या. बाहेर जाऊ द्या म्हनलं, दरवाजावर लाता मारल्या, तर कोनी कडी उघडेना. दरवाजाच्या फटीतून बाया दिसत होत्या, पन त्यायची हिंमत नाई झाली. सहा घंटे धरून ठेवलं मी. मंग नाई झालं. तथीच, कोपऱ्यात. संध्याकाळी मॅनेजर आत आला, त्यानं पाह्यलं अन् नाकाले रुमाल लावला. म्हने, धुऊन जाय.”

“मग?”

“मंग काय. बादली देल्ली त्यानं. पिवाले पानी नोतं, धुवाले होतं. धुतलं मी. सगळ्या बाया पाहून राहिल्या होत्या.”

हे सांगताना ती रडली नाही. तिने सांगितलं ते नीट ऐकलं जातंय का, एवढंच ती माझ्या तोंडाकडे बघून तपासत होती. उठताना म्हणाली, “सगळं येईन ना पेपरात?”

“येईल.”

“थे बी?”

“बघतो,” मी म्हणालो.

ते मी लिहिलं नाही. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की हे तिच्या अब्रूसाठी करतो आहे. आज सांगतो, कारण दुसरंच होतं. मला ते लिहिता येईना. इतक्या वर्षांत घडवलेल्या माझ्या भाषेत त्या कोपऱ्याला आणि त्या बादलीला जागा नव्हती. बरं, ते काढलं की उरत काय होतं? एका बाईला दिवसभर कोंडलं. चार ओळी. मी ‘कोंडून’च्या पुढे ‘काठीने मारहाण’ लिहिलं. दोनच शब्द. लिहायला क्षणही लागला नाही. बाकीची नोट अगदी काटेकोर होती.

आमचे कार्यवाह पेशाने वकील. बाहेर जाणारी प्रत्येक नोट ते डोळ्यांखालून घालायचे. त्यांचं बोट त्याच ओळीवर थांबलं.

“मारहाण आहे का? फॉर्मवर तर नाही दिसत.”

“नंतर बोलली ती,” मी म्हणालो. त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी बातमी तीन कॉलम आली, पहिल्या पानाच्या तळाला. बातमीदाराने माझी नोट जशीच्या तशी लावली होती आणि वर स्वतःचं नाव टाकलं होतं. कार्यालयात सगळ्यांनी माझं कौतुक केलं. त्या दिवशी मी खूश होतो, हेही नोंदवून ठेवतो.

काही महिन्यांनी अकोल्यात आमच्या संस्थेची जनसुनावणी झाली. ती काही कोर्टासारखी नसते. तीन जाणत्या माणसांचं मंडळ मंचावर बसतं, तक्रारदार आपल्या तोंडाने हकिगत सांगतो, समोरच्या पक्षालाही बोलावणं जातं आणि मंडळाचा अहवाल सरकारकडे पाठवला जातो. समोरचा पक्ष बहुधा फिरकत नाही. त्या दिवशी मात्र शेडमालकाचा वकील आला. हातात आमच्या बातमीचं कात्रण, प्लॅस्टिकमध्ये घातलेलं.

एका शाळेचं सभागृह होतं. मंडळाचे प्रमुख निवृत्त न्यायाधीश होते, बोलायला मऊ. बाई माइकसमोर उभी राहिली. तिने पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, पण आवाज मोकळा होता. तिने बोलायला तोंड उघडलं आणि वकिलाने कात्रण मंचावर दिलं. न्यायाधीशांनी ते वाचलं.

“बाई, तुम्हाला काठीने मारलं?”

“नाई साहेब.”

“पेपरात तर तसं आहे.”

“पेपरात असन. मले मारलं नाई कोनं.”

वकील म्हणाला, “डॉक्टरचा दाखला का नाही ते कळलं आता.” मागच्या बाकांवर हसू फुटलं.

“मग पेपरवाल्यांना हे कोणी सांगितलं?” न्यायाधीशांनी विचारलं.

“मी सांगतलं थे येगळं होतं,” ती म्हणाली आणि मान वळवून सभागृहात मला शोधू लागली.

मी माइकच्या डाव्या हाताला बसलो होतो. मांडीवर पत्रकारांसाठीच्या फायली. चार पावलं टाकून माइकपाशी जायचं होतं आणि एकच वाक्य बोलायचं होतं. मी फायलींचे कोपरे जुळवत बसलो. तेवढ्यात आमचे कार्यवाह उठले आणि म्हणाले, “वार्ताहराकडून भर पडलेली दिसते.” त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता.

न्यायाधीशांनी काहीतरी लिहून घेतलं. “ही तक्रार तूर्त बाजूला ठेवू. जबानीत मेळ नाही. बसा बाई.”

ती बसेना. “साहेब, माह्यं बाकीचं सांगाचं राह्यलं.”

“लेखी द्या.”

“मले लिवता येत नाई जी.”

पुढच्या तक्रारदाराचं नाव पुकारलं गेलं.

परतताना आम्ही सगळे एकाच जीपमध्ये होतो. मूर्तिजापूरला चहाला थांबलो तेव्हा ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

“सर, तुमी तर बराबर लिवून घेतलं होतं.”

“पेपरवाले बदलतात,” मी म्हणालो.

“काहून?”

“त्यांना खप लागतो.”

तिने थोडा विचार केला. “मंग तुमी सांगाले पायजे होतं साहेबायले. तुमी तथीच तर होते.”

मी चहा संपवला. पहिल्यांदा तिच्या नावावर खोटं लिहिलं होतं, ते कागदावर. हे दुसरं तिच्या तोंडावर बोललो. मला पहिल्यापेक्षा हे जास्त आठवतं.

बातमीदाराला तर सगळं ठाऊक होतं. त्याच्याकडे माझी नोट होती. त्याने एकदाच फोन केला, “सर, काठी तुमचीच ना?” मी म्हणालो, संस्थेचं नाव आहे, समजून घे. त्याने घेतलं, कारण त्याला रोज माझ्याकडून मजकूर लागायचा. पण त्यानंतर मी त्याच्या कचेरीत गेलो की सगळ्यांच्या देखत कागद वर धरून विचारायचा, “हे खरं आहे ना सर, की संस्थेचं आहे?” लोक हसायचे. मीही हसायचो.

गावाकडून कानावर येत राहिलं. बाईला लोक ‘पेपरवाली’ म्हणायला लागले होते. ती शेडवर जरा काही बोलली की मॅनेजर म्हणायचा, “तिले कोनी हात लावू नका रे बाप्पा, छापून आनन.” कोंडण्याचं कुणी नाव काढत नव्हतं. माझ्या दोन शब्दांनी तिचा खराखुरा दिवससुद्धा खोटा करून टाकला होता. मला हे दिसत होतं. मी निवृत्त झालो तेव्हाही दिसत होतं, आणि शाल-श्रीफळ घेतलं तेव्हाही.

यंदा संस्थेने जुन्या कामाचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. आता प्रसिद्धीचं काम एक तरुण मुलगी बघते. मोबाइलवरच बातमी करते, मोबाइलवरच फोटो, आणि फारच हुशार आहे. तिने मला जुन्या फायलींतून उत्तम कात्रणं निवडायला बोलावलं. तिनेच एक बाजूला काढून ठेवलं होतं.

“सर, हे मोठं करून मध्यभागी लावते. डिस्प्ले काय मस्त मिळाला आहे.”

तेच कात्रण. तीन कॉलम.

“हे नाही लावायचं,” मी म्हणालो.

“का? सगळ्यात स्ट्राँग केस आहे ही.”

“यातली मारहाण मी घातली आहे.”

तिने कात्रण उचलून पुन्हा वाचलं. मग हळूच म्हणाली, “आणि त्या बाईंना माहीत आहे हे?” मी नाही म्हणालो. तिने कात्रण माझ्या हातात दिलं आणि दुसरी फाइल उघडली.

मी त्याच दुपारी कार्यवाहांच्या घरी गेलो. ते आता ऐंशीच्या घरात आहेत. मी सांगितलं ते त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

“मी विचारलं होतं तुम्हाला.”

“हो.”

“मी त्या बातमीदारावर ठपका ठेवला भर सभेत.”

“हो.”

“मग माझ्यासमोर काय बसलात? जिचं आहे तिच्याकडे जा.”

गेलो. सकाळची एसटी धरून. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. केस पांढरे झालेले, चष्मा आलेला. आता ती स्वतःच बायांची टोळी घेऊन शेडवर जाते. मला पाहून म्हणाली, “पेपरवाले सर ना? बसा.” आणि शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलं, जणू मी रोजचाच. मी सोलता सोलताच सगळं सांगितलं. प्रस्तावना केली नाही.

तिने हात थांबवला नाही. “म्हंजे थ्या पेपरवाल्यानं नाई घातलं.”

“मी घातलं.”

“काठी बी तुमचीच.”

“हो.”

“अन् धुवाचं? थे काहून नाई लिवलं?”

“मला लाज वाटली.”

आता तिचा हात थांबला. “तुमाले?” तिने विचारलं. “धुतलं मी, लाज तुमाले?”

मी माफी मागितली. तिने ती झटकून टाकली. “माफीचं काय करू मी? चूल थोडीच पेटते माफीनं. लिवा. तवा सांगतलं तसं लिवा. मी खोटी नोती, एवढं लोकायले कळलं पायजे.”

मी वही काढली. तिने पुन्हा सगळं सांगितलं, तेरा वर्षांपूर्वीच्याच क्रमाने. एकही गोष्ट वाढली नव्हती, एकही गळली नव्हती. मी वाचून दाखवलं. ‘अमानुष’ शब्दाशी ती अडली.

“हे काय असते?”

मी सांगितलं.

“थे काढा. मी असं काई म्हनलं नाई.”

‘असहाय’ही काढायला लावला. म्हणाली, “मी दरवाजावर लाता मारल्या होत्या दुपारपर्यंत. असहाय कायची? लाता लिवा.” लाता मी तेव्हाही लिहिल्या नव्हत्या. मला कैवार घ्यायला गरीब, गप्प बाई हवी होती. त्या दिवशी वहीत उतरला तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला मजकूर आहे, आणि त्यात माझा एकच परिच्छेद आहे: मारहाण मी लिहिली, ती या बाईने कधीही सांगितलेली नव्हती, आणि बातमीदाराने आपल्या पदरचं काही घातलेलं नव्हतं.

मजकूर मी त्याच दैनिकाच्या कचेरीत नेला. डेस्कवरच्या तरुणाने नमस्कार केला, खुर्ची दिली. “काका, तेरा वर्षं झाली. यात बातमी काय आहे?” काय घातलं की त्याची बातमी होईल, हे मला तिथे बसल्या बसल्या सुचलं होतं. तोंडातून काढलं नाही. शेवटी वाचकांच्या पत्रांत छापतो म्हणाला. आठ दिवसांनी आलं. मारहाणीचं होतं, बातमीदाराचं होतं. कोपरा आणि बादली गाळली होती.

पेपर घेऊन पुन्हा गावी गेलो आणि तिला वाचून दाखवला.

“थेच काढलं पुन्हा,” ती म्हणाली.

“हो.”

“राहू द्या. उद्या सकाळी शेडच्या गाडीपाशी या. जथी मले पेपरवाली म्हनतात, तथीच वाचा.”

त्या रात्री तिच्या पुतण्याच्या घरी मुक्काम केला. सकाळी सातला गावाबाहेरच्या पाराजवळ पिकअप उभी होती. वीस-बावीस बाया, डोक्याला फडकी बांधलेल्या, डबे हातात. तिने सगळ्यांना थांबवलं. “आयका गं जरा. हे सर अमरावतीहून आले.”

मी वहीतूनच वाचलं. माझा परिच्छेद आधी वाचला, मग तिचं सगळं. कोपऱ्याचं आलं तेव्हा पोरीबाळींनी खाली बघितलं. बादलीचं आलं तेव्हा कुणीतरी “आई वं” म्हणालं, बारीक आवाजात.

वाचून झालं. एक फटकळ बाई पुढे आली. “म्हंजे सर, पेपरवाली आमची काकू नोतीच. तुमीच होते.”

“मीच होतो.”

“मंग शिकल्यासवरल्या मानसानं असं काहून केलं?”

“छापून यावं म्हणून.”

“आलं ना मंग. झालं समाधान?” बाया हसल्या. हसू बोचरं होतं आणि ते मला मिळायलाच हवं होतं.

मागे एक म्हातारी बाई उभी होती. ती त्या वेळीही शेडवर असणार. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. ती सरळ काकूपाशी गेली आणि तिच्या दंडावर हात ठेवून म्हणाली, “दरवाजा मीच उघडाले पायजे होता बाई. कडीले हात लावला होता मी. मंग मॅनेजर आला.”

“मले माईत आहे,” काकू म्हणाली. “तुह्या बांगड्या वाजल्या होत्या. मी वळखल्या.”

“कागदावरचं आयकलं. आता तू सांग, आत काय करून राहिली होती दिवसभर?”

काकूने डबा पाराच्या कडेला ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. बाया तिच्याभोवती सरकल्या. पिकअपवाल्याने हॉर्न दिला, दुसऱ्यांदा दिला.

“थांब ना रे,” फटकळ बाई त्याच्यावर ओरडली, “संत्रं काई पळून नाई चाललं.”

त्याने इंजिन बंद केलं.